अपरिग्रह आणि खिशातले दुकान

येवल्याचा पैठणी विणकर असो, रत्नागिरीचा आंबा बागायतदार असो की शहरातली एखादी शिकवणी, व्यवसाय जरा वाढला की प्रश्न समोर येतो: वेबसाइट करावी की अ‍ॅप? त्याचे उत्तर सहसा खर्च, वेग आणि विक्री या तीन मापांनी शोधले जाते. ही मापे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. वेबसाइट म्हणजे रस्त्यावरचे दुकान. गिऱ्हाईक येते, पाहते, घेते किंवा न घेता आपल्या वाटेने जाते. अ‍ॅप म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात मागून घेतलेली खोली. त्याच्या फोनमधली जागा, त्याची बॅटरी, त्याचे लक्ष आणि पुष्कळदा त्याचा ठावठिकाणा, एवढ्यावर ते नांदते. म्हणूनच ही निवड तंत्राची असण्याआधी नीतीची आहे. आपला माल विकण्यासाठी दुसऱ्याच्या आयुष्यात किती शिरावे, असा तो मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नासाठी आपल्या परंपरेत एक नेमका शब्द आहे: अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे. योगसूत्रांतल्या पाच यमांत तो आहे आणि जैन परंपरेत ते साधूंचे महाव्रत आहे. पण जैन विचाराने एक पाऊल पुढे टाकून गृहस्थासाठी त्याचे अणुव्रतही सांगितले. व्यापार सोड असे हे व्रत सांगत नाही. आपल्याला किती हवे याची सीमा आधी स्वतः आख आणि मग तिच्या आत राहा, एवढेच ते सांगते. संन्याशाला जे सोपे ते वाण्याला अवघड, म्हणून हे व्रत मोलाचे. देहूच्या तुकोबांचे घराणे वाण्याचेच. आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. त्या कागदांची खरी किंमत नुसत्या रकमेत नव्हती. ज्यांची नावे त्यांवर होती त्या माणसांवर चालणाऱ्या सत्तेत ती होती. आज असे कागद सर्व्हरवर असतात. कोण केव्हा जागा असतो, कुठे जातो, काय पाहून थांबतो, हे सारे त्यात नोंदले जाते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही सीमेचे हेच तत्त्व मांडले आहे: सांगितलेल्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे.

परिग्रहाचा दोष असा की तो करणाऱ्यालाही बांधतो. सर्न या संशोधन संस्थेने १९९३ मध्ये वर्ल्ड वाइड वेबचे सॉफ्टवेअर सर्वांना विनामूल्य खुले केले. तेव्हापासून वेबसाइट उघडायला कोणा एका धन्याची परवानगी लागत नाही. २००८ मध्ये ॲपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि तिथे दारावर मालक आला. डिजिटल मालाच्या विक्रीत त्याचा ठरलेला वाटा ३० टक्के होता. ‘फायनान्शियल टाइम्स’ने २०११ मध्ये ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती काढली आणि त्या स्टोअरमधून आपले अ‍ॅप मागे घेतले. वाचकाशी असलेले नाते मधल्या हातात जाऊ नये, हे त्यामागचे मोठे कारण होते. गिऱ्हाईक मुठीत ठेवू पाहणारा व्यापारी असा स्वतःच दुसऱ्याच्या मुठीत जातो.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो: नफा हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे आणि अ‍ॅपवरचे गिऱ्हाईक अधिक वेळा खरेदी करते. पण इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. ज्याला दुकान आधीच आवडते तोच त्याचे अ‍ॅप घेतो, म्हणून त्याची खरेदी जास्त दिसते. दार एकच ठेवले तर काय होते, याचा दाखला भारतातच आहे. मिंत्रा या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने मे २०१५ मध्ये आपली वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवले. जून २०१६ मध्ये संगणकावरची वेबसाइट तिला पुन्हा सुरू करावी लागली. मोठ्या पडद्यावर निवांत पाहून कपडे घेणारी माणसे होती, आणि त्यांना त्यांच्याच रीतीने यायचे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अ‍ॅप कोणी बळजबरीने घालत नाही, गिऱ्हाईक आपणहून घेते, आणि वेबसाइटसुद्धा पाळत ठेवतेच. दुसरा भाग मान्यच केला पाहिजे. कुकीजच्या आडून माग काढणारी वेबसाइट निर्दोष नाही. फरक मर्यादेचा आहे. ब्राउझरचे पान बंद केले की दुकानदार बराचसा बाहेर राहतो. अ‍ॅप मात्र फोनमध्ये मुक्कामाला असते. संमतीचे म्हणाल, तर सवलत फक्त अ‍ॅपवर ठेवून मिळवलेला होकार हा मोकळा होकार नव्हे. अँड्रॉइडवर तर २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत सूचना पाठवण्यासाठी वेगळी परवानगी मागावीही लागत नसे. कांटने १७८५ मध्ये मांडलेली कसोटी इथे लागू पडते: माणसाला केवळ साधन मानू नये. न मागितलेल्या सूचनेने कुणाचे लक्ष खेचून घेणे हे त्याच्या वेळेला साधन करणे आहे. अस्तेयाच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या यमाच्या, भाषेत ती चोरीच आहे.

याचा अर्थ अ‍ॅप त्याज्य आहे असा नाही. यूपीआयचे अ‍ॅप फोन आणि सिमशी बांधलेले असते, कारण पैशाची सुरक्षितता त्यावर उभी आहे. नेटवर्क नसलेल्या शिवारात नोंदी ठेवायच्या असतील तर अ‍ॅपच सोयीचे. इथे घरातली खोली घरमालकाच्या कामासाठी घेतलेली असते. म्हणून निर्णयाआधी व्यावसायिकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: गिऱ्हाइकाच्या खिशात बसण्याची गरज त्याची आहे की माझी? त्याची असेल तर अ‍ॅप जरूर करावे, लागेल तेवढीच परवानगी मागावी आणि वेबसाइटचे दार तरीही उघडे ठेवावे. गरज केवळ आपली असेल, तर वेबसाइट चांगली, हलकी आणि मराठीत नीट वाचता येईल अशी करावी. चांगला माल आणि चोख व्यवहार असेल तर गिऱ्हाईक रस्त्यावरूनही परत येते.