पाच यार्डांचं देणं

रात्री अडीचला ऑन-कॉलचा फोन वाजला की मला हेन्री 'गिझ्मो' विल्यम्स आठवतो.

नाव ऐकलं नसेल तर नवल नाही. हा कॅनेडियन फुटबॉलमधला माणूस. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन खेळाचा सख्खा भाऊ. लांबट चेंडूचा, धडकाधडकीचा. प्रतिस्पर्ध्याने लाथेने उंच उडवलेला चेंडू झेलायचा आणि अंगावर येणाऱ्या झुंडीतून वाट काढत पळायचं, हे विल्यम्सचं काम. १९८६ ते २००० या काळात, मधला एक हंगाम सोडला तर, तो एडमंटनकडून हेच करत राहिला. पंट परतवून त्याने कारकिर्दीत २६ टचडाउन केले.

अमेरिकन नियमांत झेलणारा हात वर करून सांगू शकतो की मी पळणार नाही, मला पाडू नका. कॅनडात ही सोय नाही. तिथला नियम वेगळा आहे. तो चेंडूला हात लावेपर्यंत, चेंडूवर धावून येणाऱ्यांनी पाच यार्ड, म्हणजे साधारण साडेचार मीटर, लांब राहायचं. नाही राहिले तर दंड.

मला यात एक नैतिक सौदा दिसतो. एखाद्याचा 'नाही' म्हणायचा हक्क काढून घेतलात, तर बदल्यात त्याला जागा द्या.

तुम्ही म्हणाल, पैसे घेतो, करारावर सही केली आहे, मग तक्रार कसली? पण सही एकदाच होते, धोका मात्र दर चेंडूला नवा असतो.

आता १९८७ची ग्रे कप फायनल घ्या. टोरांटोचा फील्ड गोल हुकला आणि चेंडू विल्यम्सच्या हाती आला, त्याच्याच गोल रेषेच्या मागे. तो तिथेच थांबला असता तर टोरांटोला फक्त एक गुण मिळाला असता. तो पळाला. ११५ यार्ड, थेट टचडाउन. एडमंटन ३८-३६ने जिंकलं.

याला मी धाडस म्हणेन, कारण त्याच्याकडे थांबण्याचा पर्याय होता. पर्यायच नसेल तर तो नाइलाज. बघणाऱ्याला मात्र दोन्ही सारखंच दिसतं, आणि टाळ्या वाजवणं स्वस्त पडतं.

मीही वाजवल्या आहेत. आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने सलग तीन आठवडे रात्रीचा ऑन-कॉल केला. मधे एकदा त्याने अदलाबदल मागितली होती. मी म्हणालो, "अरे, तुझ्याइतकं कुणाला जमत नाही." वर ग्रुपवर त्याला 'हिरो' म्हटलं. काही दिवसांनी तो शांतपणे म्हणाला, "दादा, कौतुक राहू दे. झोप हवी होती."

सर्व्हर कुणाला विचारून पडत नाही, त्यामुळे फोन उचलावाच लागणार. तो हक्क मी त्याला देऊ शकत नाही. पण रात्री जागलेल्याला दुपारपर्यंत कुणी मेसेज करायचा नाही, एवढा नियम आता आम्ही केलाय. पहिल्याच आठवड्यात तो मोडला गेला. मोडणारा मीच होतो.

दंड म्हणून पुढची पाळी मी घेतली.