नेम मोठा की लेकरू?

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीतुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि अष्टमीस माउलींची आळंदीहून. त्याच सुमारास गावोगाव शाळेची घंटा वाजू लागते. एकीकडे वारीचा नेम, दुसरीकडे शाळेचा नेम. पावसाळाही तेव्हाच सुरू होतो, आणि त्याच्याबरोबर पडसे, ताप, जुलाब, डोळे येणे ही सारी मंडळी न बोलावता घरात येतात. मग सकाळच्या प्रहरी घरोघर एक प्रश्न उभा राहतो. पोराचे अंग तापले आहे. त्याला शाळेत धाडावे की घरी ठेवावे? धाडावे तर जीव होत नाही. ठेवावे तर खाडा पडतो, आणि खाडा पडला की गुरुजींचा निरोप येतो.

प्रश्न दिसायला लहान आहे. कोणी म्हणेल, हा डॉक्टराचा विषय, भागवत धर्माच्या मासिकात याचे काय काम? पण नेम आणि दया यांचा झगडा जेथे पडतो तेथे तो धर्माचाच विषय होतो, असे आम्हांस वाटते. शिवाय आमच्या वाचकांत आईबाप आहेत, आजेआज्या आहेत, आणि शाळामास्तरही पुष्कळ आहेत. तेव्हा या प्रश्नाचा थोडा विचार करू.

आधी शाळेची बाजू नीट मांडली पाहिजे. ती दुबळी नाही. ज्या मुलांच्या पणज्यांना पाटी ठाऊक नव्हती ती मुले आज वर्गात बसतात, हे काही आपोआप झालेले नाही. २००९ साली बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळावे, पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरावी, असे त्यात सांगितले. मूल शाळेत येते की नाही यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. गुरुजी हजेरी धरून बसतात ते काही उगीच नव्हे. कापसाच्या वेचणीला, उसाच्या तोडीला, धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून मुले शाळेतून उठवली जातात, हे आपण सारे जाणतो. अशा घरावर थोडा वचक हवाच.

आमचा संप्रदायही विद्येच्या विरुद्ध कधी नव्हता. वै. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. गाडगेबाबा तर स्वतः हाल सोसा, पण पोरांना शिकवा, असे गावोगाव सांगत हिंडले. आणि नेमाचे महत्त्व माळकऱ्याला कोणी शिकवावे? एक वारी चुकली की दुसरी चुकायला वेळ लागत नाही. आज पाय दुखतात, उद्या पेरणी आहे, परवा पाहुणे आले. मन कारणांना कधी तोटा पडू देत नाही. म्हणून आपण म्हणतो, वारी चुकू नये.

इथवर सारे मान्य. पण नेम कशासाठी असतो, हा पुढचा प्रश्न आहे, आणि गाडी इथेच अडते.

नेम हा आळसावर घातलेला बांध आहे. आळस आला तर नेम त्याला अडवतो. पण आजार म्हणजे आळस नव्हे. बांधाने पाणी अडवावे, माणसाला बुडवू नये. ज्या दिवशी पोराच्या अंगात ताप आहे त्या दिवशी त्याचा नेम मोडतच नाही, कारण नेमाला ज्याच्याशी लढायचे तो आळस तेथे नाहीच. डोके ठणकत असता बाकावर मान टाकून बसलेले पोर हजेरीपटात ‘हजर’ असते, पण विद्येच्या दारी ते गैरहजरच असते. त्या दिवशी पटावर जी खूण पडते ती खोटी खूण आहे.

आता संतांकडे पाहा. पंढरीचा देव विटेवर उभा का? पुंडलिकराय आईबापांची सेवा करीत होते. साक्षात परब्रह्म दारी आले, तरी हातची सेवा त्यांनी टाकली नाही. देवापुढे वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव रागावला का? तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो आजतागायत उभा आहे. ज्याच्या दर्शनासाठी लाखो माणसे चालत जातात त्याची पहिली ओळख ही, की तो थांबतो. घरच्या माणसाची सेवा पुरी होईपर्यंत जर देव थांबू शकतो, तर इयत्ता चौथीचा तास तीन दिवस थांबू शकत नाही काय?

सावतोबांची गोष्ट तशीच. अरणच्या मळ्यातले काम टाकून ते पंढरीस गेले नाहीत, देवच अरणास आला असे परंपरा सांगते. आणि गोरोबाकाकांची कथा तर याहून खोल आहे. नामात रंगून माती तुडवताना रांगते लेकरू पायाखाली आले, काकांना कळले नाही. ही कथा आपण त्यांच्या तल्लीनतेची खूण म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण कथा तेथे संपत नाही, हे ध्यानात घ्यावे. त्या माउलीचा आक्रोश कथेत आहे. पुढे देवाने ते लेकरू परत दिले, तेव्हा कथा पुरी झाली. म्हणजे नामाच्या तल्लीनतेसाठीसुद्धा एक लेकरू मातीत गेलेले आपल्या परंपरेला सोसले नाही. मग हजेरीच्या आकड्यासाठी ते कसे सोसावे?

कोणी म्हणेल, या झाल्या पुराणातल्या गोष्टी. तर अलीकडचे सांगतो. २०२० साली महामारी आली. शेकडो वर्षांची पायी वारी त्या साली झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरीस नेल्या, मोजकी माणसे बरोबर. २०२१ सालीही तसेच झाले. २०२२ साली वारी पुन्हा पायी चालू लागली. त्या दोन वर्षांत किती जणांनी घरच्या उंबऱ्यावर उभे राहून पंढरीच्या दिशेने हात जोडले असतील! वाईट वाटले, पण आपण घरी राहिलो, कारण आपल्या पायांनी दुसऱ्याच्या घरी मरण जाऊ नये. एकोणिसाव्या शतकात यात्रेतून परतणाऱ्यांबरोबर पटकीची साथ गावोगाव जात असे, ही आठवण समाजाला होती. तेव्हा वारकऱ्याचा नेम मोडला असे कोणी म्हटले नाही. उलट जो थांबला त्याने भूतदया पाळली, असेच म्हटले.

हीच गोष्ट वर्गाची. गोवर अंगावर उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते उठल्यावर चार दिवसांपर्यंत दुसऱ्याला लागतो. कांजिण्यांच्या साऱ्या फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच हवे. २०२३ च्या जुलैत आमच्या आळंदीतच डोळे येण्याची साथ पसरली आणि त्यात शाळकरी मुलांची संख्या फार मोठी होती. सकाळी तापाची गोळी देऊन अंग थंड केले आणि पोर धाडले, तर गोळीचा जोर दुपारी उतरतो आणि ताप पुन्हा चढतो. औषधाने ताप दबला म्हणजे दुखणे गेले असे नव्हे. औषध न घेता एक पुरा दिवस ताप आला नाही, तर मग खुशाल धाडावे. हजेरी राखायला पाठवलेले एक पोर दहा पोरांची हजेरी घालवते. यात हिशेबही नाही आणि धर्मही नाही.

वर्षाअखेर शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देण्याची चाल पुष्कळ शाळांत आहे. हेतू चांगला, पण जरा विचार करावा. ज्याला वर्षभर ताप आला नाही त्याने काय पुण्य केले? आणि ज्याला दमा आहे त्याने काय पाप केले? गुणासाठी बक्षीस द्यावे. निरोगी शरीर हा गुण नव्हे, ती देवाची देणगी आहे. टाळ्या वाजत असताना मागच्या रांगेत बसलेल्या दुखणेकरी पोराला काय वाटत असेल? आजारी पडणे हाच आपला गुन्हा, असे ते शिकते. दुसरे एखादे हुशार पोर बक्षिसासाठी ताप लपवायला शिकते. कुठलाही गुरू असे शिकवू इच्छिणार नाही, पण बक्षीस ते शिकवून जाते.

काही मुलांचे दुखणे तर चार दिवसांचे नसते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रोगी आहेत. थंडी लागली, पाणी कमी पडले, की हाडे फोडल्यासारख्या कळा येतात आणि मूल आठ आठ दिवस अंथरुणाला खिळते. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त भरावे लागते. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्याने हे दोन्ही आजार अपंगत्वात धरले आहेत. लंगड्या मुलाला धावत नाही म्हणून आपण रागे भरत नाही. मग या मुलांच्या खाड्यांवर लाल शाई का?

आता एक शंका राहते, ती खरी आहे. सूट दिली तर मुले ढोंग करतील. पोट दुखतंय म्हणतील आणि दुपारी विटीदांडू खेळतील. करतील, काही जण करतील. पण बघा, जे पोर रोज शाळेच्या वेळेला पोट धरते त्याच्याही पोटात काहीतरी आहे. कदाचित छडीची भीती असेल, कदाचित कोणी पोर त्याला छळत असेल. २००९ च्या त्याच कायद्याने मुलाला मारणे आणि मनाने छळणे, दोन्हींस मनाई केली आहे. त्या ढोंगाला दटावण्याआधी मुलाला जवळ घेऊन विचारावे.

आणि ढोंगाला आळा म्हणून दर खाड्याला डॉक्टराचा दाखला मागणे, हा तर उपायाहून वाईट रोग. एका दिवसाच्या पडशाला डॉक्टर काय लिहिणार? मजुराच्या घरी दाखल्याचे पैसे म्हणजे त्या दिवसाचे तेल-मीठ. मग कुठूनतरी खोटा कागद आणतात. आईचे खरे बोलणे चालत नाही आणि विकतचे खोटे चालते, हा धडा पोराच्या डोळ्यांदेखत दिला जातो. दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी शेकडा ७५ हजेरी लागते तेथे मोठ्या आजारपणाचा दाखला रीतसर द्यावा. सवलतीची वाट तेथेही ठेवलेली असते. पण दुसरीतल्या पोराच्या तापाला आईचा शब्द पुरे.

आईची अडचण मात्र आपण विसरू नये. रोजावर जाणारी बाई म्हणते, “घरी ठेवू कुणाजवळ? शाळेत निदान खिचडी तरी मिळल.” ती निर्दय नव्हे. तिचा खाडा म्हणजे रोज बुडणे. तिला उपदेश करण्यापेक्षा शेजारच्या माळकरी आजीने म्हणावे, “जा तू कामाला, पोर माझ्यापाशी राहू दे.” जनाबाईचे दळण देवाने दळले असे आपण डोळे पुसत ऐकतो. एक दिवस शेजारणीचे पोर सांभाळले तर ते त्या जात्याला हात लावण्यासारखेच आहे. गुरुजींचीही अडचण आहे. वरून आकडे मागितले जातात, आणि तो भार खाली सरकत सरकत तापलेल्या पोराच्या डोक्यावर येऊन बसतो. भार कोठेतरी अडवायला हवा. अडवणाऱ्याला थोडे सोसावे लागेल.

या देशात मुलींची शाळा काढण्यासाठी ज्या माउलीने शेणगोळे सोसले त्या सावित्रीबाई फुले यांचा शेवट आठवा. १८९७ साली पुण्यास प्लेग होता. प्लेग झालेल्या एका मुलाला स्वतः उचलून त्यांनी दवाखान्यात नेले, त्यात त्यांना प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जिने शाळेसाठी सर्वस्व दिले तिने आजारी लेकरू दिसताच पाटी पुढे केली नाही, हात पुढे केले. शाळामास्तरांना याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

वाचकहो, वारीतली समाजआरती आपण पाहिली असेल. मुक्कामावर साऱ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार दंड वर करतात, आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते विचारतात. शिस्त आणि दया एकत्र कशी नांदते ते तेथे दिसते. साऱ्यांनी गप्प बसावे ही शिस्त. आणि जो गप्प बसत नाही त्याला दटावण्याआधी त्याचे ऐकावे, हीही शिस्तच. वर्गात खोकणारे पोर टाळ वाजवीत असते. त्याच्यापाशी जाऊन विचारणारा चोपदार हवा.

आमचे मागणे थोडेच आहे. प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद आईबापच असतात. आमच्या वाचकांपैकी जे तेथे बसतात त्यांनी तीन गोष्टी मांडाव्यात. आजारपणाचा खाडा पटात वेगळा लिहावा आणि त्याबद्दल मुलाला वर्गासमोर बोलू नये. बक्षीस हजेरीचे न देता मेहनतीचे द्यावे. आणि आजारी मुलाचा राहिलेला अभ्यास घरी पोचवण्याचे काम वर्गातल्या सोबत्यांनी पाळीपाळीने करावे. वारीत थकलेल्याचे ओझे सोबती घेतो, तीच ही रीत.

लेकरू बरे झाले की आपल्या पायांनी शाळेकडे पळत जाईल. ज्या शाळेने त्याला आजारात जपले तिच्याकडे जायला त्याला धाक लागणार नाही. वारीला तरी आपल्याला कोण हाकलतो? तेथे आपली वाट पाहणारा कोणी उभा आहे, एवढे ठाऊक असते, म्हणून पाय आपोआप निघतात. शाळेनेही तसे उभे राहावे.

रामकृष्णहरी.