घरच्या माणसाची मजुरी

आमच्याकडं वृद्धाश्रम हा शब्द शिवीसारखा वापरतात. कुणी नुसती चौकशी केली तरी पारावर कुजबुज सुरू होते, ‘बापाला टाकायला निघाला.’ भाकड गाय पांजरपोळात टाकतात, तसं टाकायला. म्हाताऱ्या माणसाला कुठं ठेवायचं यावर गाव तावातावानं बोलतं. पण त्याचं करायचं कुणी, आणि तो भार कुणाच्या अंगावर पडतो, हे विचारायला कुणी तयार नसतं.

आमच्या वस्तीजवळ एक म्हातारे होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. थोरला मुलगा पुण्याला कंपनीत, धाकटा शेतीवर. थोरल्यानं नाशिकला एका ठिकाणी चौकशी केली, त्याच्याबरोबर मीही गेलो होतो. अंथरुणावरच्या माणसाचे महिन्याला 20 हजार सांगितले. डिपॉझिट वेगळं, डायपर आणि औषधं वेगळी. जागा स्वच्छ होती, रात्रपाळीला बाई होती. येताना मी एसटीत हिशोब मांडला. कांदा हजार रुपये क्विंटलनं गेला, तर महिन्याचे 20 हजार म्हणजे 20 क्विंटल. वर्षाला 240 क्विंटल. एकरी 80 ते 100 क्विंटल धरले तर अडीच-तीन एकरांचं सगळं पीक, तेही बी-खत-मजुरी वजा न करता. धाकट्याकडं सगळी मिळून चार एकर.

गावात बोभाटा झाला. ‘दोन लेकं असून बाप आश्रमात’ असं चार जण बोलले आणि थोरला वरमला. म्हातारे घरीच राहिले. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, पैसेही वाचले आणि अब्रूही राहिली.

पण पैसे वाचले कसे? धाकट्याची बायको कांदे लावायला, खुरपायला रोजानं जायची. तीनशे-साडेतीनशे हजेरी. ते बंद झालं. पहाटे अंग पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं भरवणं, रात्री दोनदा उठणं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी म्हाताऱ्याला वळवायचं, तर तिला माहेरी लग्नालासुद्धा जाता येईना. हे तीन वर्षं चाललं. म्हातारे गेल्यावर दोन्ही भावांची वाटणी बरोबर निम्मी झाली. थोरल्याला कुणी नाव ठेवलं नाही, कारण बाप घरीच गेला होता. म्हणजे आश्रमाचं बिल फिटलंच. ते फेडणारीचं नाव मात्र कुठल्या पावतीवर आलं नाही.

हे आम्हा शेतकऱ्यांना तरी कळायला हवं. 1980 साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, तेव्हापासून आमची पिढी एकच गोष्ट सांगत आली: शेतमालाचा खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा. बैल आपला, बायको आपली, पोरं आपली म्हणून त्यांचे कष्ट फुकट नसतात. आता सरकारचा कृषिमूल्य आयोगसुद्धा हमीभावाच्या हिशोबात घरच्या श्रमाचे पैसे धरतो. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेनं बायकांचं अधिवेशन घेतलं. आमच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बाया गेल्या होत्या, त्यांत माझी आई होती. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की बायकोच्या नावानं जमीन राजीखुशीनं करून द्या. काहींनी दिली, पुष्कळांनी नुसत्या टाळ्या दिल्या. कांद्याच्या भावात जी मजुरी आपण सरकारकडं हक्कानं मागतो, ती घरातल्या आजारपणात आपणच का धरत नाही?

यावर उत्तर ठरलेलं असतं. सेवेला मोल लावलं की ती सेवा राहत नाही, आईबापाचं करणं हा धर्म आहे. असं सांगणाऱ्याच्या तोंडी पुंडलिक हमखास येतो. मीही माळकऱ्याच्या घरातला आहे. पण पुंडलिकानं देवाला विटेवर थांबवलं ते स्वतः आईबापाचे पाय चेपत होता म्हणून. बायकोला पाय चेपायला बसवून तो चंद्रभागेवर गेला नव्हता. धर्म ज्याचा त्यानं करायचा असतो. दुसऱ्याच्या हातून करून घेतलेल्या धर्माचं पुण्य आपल्या खात्यावर कसं येईल?

कायद्यानं तर हे स्पष्टच लिहून ठेवलंय. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली आला. त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात. सून त्यात नाही. आईबाप प्रांताकडं अर्ज करून महिन्याला 10 हजारांपर्यंत पोटगी मागू शकतात, वकिलाची गरज नाही. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि पुढं सांभाळलं नाही, तर ते रद्द ठरवता येतं. म्हणून सही करण्याआधी ती अट कागदावर आहे का, हे म्हाताऱ्या माणसानं कुणाकडून तरी वाचून घ्यावं. पण मला सांगायचंय ते वेगळं. कायदा जिच्यावर जबाबदारी टाकत नाही, तिच्यावर रिवाज सगळीच टाकतो. सासरा असेतोवर त्याच्या सातबाऱ्याला तिचं नाव नसतं, तो गेल्यावर नवऱ्याचं लागतं.

सरकारी मदत आहे, ती घ्यावी, लाजू नये. 65 वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेत सध्या महिन्याला 1500 रुपये मिळतात. अर्ज तहसीलला संजय गांधी शाखेत. वर्षाचा हयातीचा दाखला चुकला की पैसे थांबतात, ते ध्यानात ठेवावं. 70 वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च मिळतो. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, पासष्टीनंतर अर्धं तिकीट. घरात छळ होत असेल तर 14567 हा फोन आहे. हे सगळं कामाचं आहे. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर रोज कूस बदलणाऱ्या हाताला या कार्डांतून काही मिळत नाही. आणि 1500 रुपये म्हणजे त्या सुनेची चार-पाच दिवसांची हजेरी.

म्हणून वृद्धाश्रम वाईट आणि घर चांगलं, असं मी म्हणणार नाही, आणि उलटंही म्हणणार नाही. परवडत असेल, नीट करणारी माणसं असतील, मुलं येत-जात असतील, तर तिथं ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे. आणि घरात ठेवून पडवीच्या कोपऱ्यात दिवसभर एकटं पाडलं, तर तेही टाकणंच. घरी ठेवायचं असेल तर मजुरी धरून ठेवावं. भाऊ पुण्याला असेल तर त्यानं महिन्याचे पैसे पाठवावेत, ते भावाच्या नव्हे, करणारीच्या खात्यावर. वर्षातून पंधरा दिवस येऊन स्वतः हातानं करावं, म्हणजे ती माहेरी जाईल. बहिणीकडून हक्कसोड घेतलं असेल, तर तिच्याकडं सेवा मागायला जाऊ नये.

सालदार ठेवताना आपण काय करतो? आखाजीला बसतो, पैसे किती, धान्य किती, सुट्ट्या किती, सगळं बोलून घेतो. त्याला पटलं नाही तर तो नाही म्हणतो, आणि त्याला कुणी पापी म्हणत नाही. जन्मभराची सेवा मात्र आपण न बोलता धरून चालतो.

मला आता सहासष्ट चालू आहे. गुडघे बोलायला लागलेत, बायकोला साखर आहे. माझी आई चार वर्षं अंथरुणाला होती, दिवसा बायको आणि रात्री मी असं आम्ही वाटून केलं, त्यामुळं हे काम काय असतं ते मला माहीत आहे. येत्या आखाजीला मुलगा, सून, मुलगी, जावई चौघांना ओट्यावर बसवायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. उन्हाळ कांद्याच्या पट्टीतून दरसाल काही रक्कम बाजूला टाकायची, ती आमच्या म्हातारपणाची. घरी करायची वेळ आली तर ती करणाऱ्याची, नाहीतर बाहेरच्या सोयीची. पुरणार नाही, तेव्हा बाकीचं कुणी किती घालायचं तेही त्याच दिवशी बोलायचं. आणि पहिला प्रश्न सुनेला विचारायचा, ‘बाई, तुला जमेल का?’ ती नाही म्हणाली तरी त्या दिवशीचं पुरणपोळीचं जेवण सगळ्यांनी एकत्रच करायचं.