गुप्तदान आणि न्यायासन

गुप्तदानाची थोरवी आमच्या वाचकांस नव्याने सांगावी लागेल असे नाही. मंडळीच्या थैलीत अगर दुष्काळाच्या वर्गणीत नाव न सांगता रक्कम टाकणारा मनुष्य सर्वांच्या आदरास पात्र होतो. प्रभूनेही डोंगरावरील प्रवचनात दानधर्म गुप्तपणे करण्याची शिकवण दिली आहे. परंतु हेच गुप्तदान एखाद्या न्यायाधीशाच्या निवडणुकीकरिता दिले गेले, तर त्यास पुण्य म्हणावे की पाप? न्यायाधीशाची निवडणूक हे शब्द ऐकूनच पुष्कळांस नवल वाटेल; तथापि हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो आज प्रत्यक्ष उभा आहे, व त्याचा विचार करिता करिता आपणांस स्वतःविषयीही काही शिकता येईल असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात न्यायाधीशांची नेमणूक होते. त्यांस कोणी मते देत नाही. अमेरिकेतही मध्यवर्ती सरकारच्या न्यायालयांत राष्ट्राध्यक्ष नेमणूक करितात व सेनेट तीस संमती देते. परंतु तेथील निरनिराळ्या राज्यांची न्यायालये वेगळी आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक राज्यांत न्यायाधीशांस कोणत्या ना कोणत्या रीतीने मतदारांपुढे जावे लागते. आपले सर्व न्यायाधीश लोकांनी निवडावे असे प्रथम ठरविणारे राज्य मिसिसिपी. ही गोष्ट १८३२ सालची. ह्यामागचा हेतू वाईट नव्हता. न्यायाधीश सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतला नसावा, तो लोकांस जबाबदार असावा, असे त्या लोकांस वाटले. पण निवडणूक म्हटली की खर्च आला, आणि खर्च आला की तो देणारा आला. जिल्ह्याच्या न्यायालयात घरभाड्याचा तंटा, कर्जाची वसुली, मोडलेल्या संसारातील लेकरांचा ताबा, असे गोरगरिबांच्या जिव्हाळ्याचे विषय येतात. त्या न्यायासनावर बसणाऱ्यास तेथवर कोणाच्या पैशाने पोहोचविले हे जाणण्याची इच्छा पक्षकारास होणे स्वाभाविकच आहे.

उमेदवाराच्या हाती थेट दिलेल्या देणगीवर तेथे बहुधा मर्यादा असते, व देणाऱ्याचे नाव नोंदले जाते. परंतु उमेदवाराच्या हाती एक छदामही न देता त्याच्या बाजूने अगर त्याच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जाहिराती काढणाऱ्या संस्था निराळ्या असतात. २०१० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा स्वतंत्र खर्च करण्याची मोकळीक व्यापारी कंपन्यांस व कामगार संघांस दिली. त्यात समाजकल्याणाच्या नावाने नोंदलेल्या संस्थांस आपल्या देणगीदारांची नावे लोकांपुढे मांडण्याची सक्ती बहुधा नसते. एक संस्था दुसरीस देते, दुसरी तिसरीस देते, आणि शेवटी मतदाराच्या घरी जे पत्रक येते त्यावर एक गोंडस नाव मात्र असते. अशा पैशास तिकडे अंधारातला पैसा असे नाव पडले आहे. २०२५ साली विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील केवळ एका जागेच्या निवडणुकीत सर्व बाजूंचा मिळून सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाला, ह्यावरून ह्या ओघाचा आकार वाचकांच्या ध्यानी येईल. हा सर्वच पैसा अंधारातला नव्हता. तथापि एवढ्या मोठ्या पुरात कोणता ओहोळ कोठून आला हे साध्या मतदाराने कसे ओळखावे?

आता एक घडलेला खटला पाहू. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे राज्य. तेथे २००२ साली ज्यूरीने मॅसी नावाच्या मोठ्या कोळसा कंपनीविरुद्ध एका लहान खाणवाल्याच्या बाजूने पाच कोटी डॉलरांचा निकाल दिला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते. २००४ साली त्या न्यायालयातील एका जागेची निवडणूक आली. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप ह्यांनी ब्रेंट बेंजामिन ह्या उमेदवाराच्या समितीस कायद्याप्रमाणे एक हजार डॉलर दिले. परंतु त्याखेरीज त्यांच्या बाजूने सुमारे तीस लक्ष डॉलर खर्च केले. त्यांपैकी जवळजवळ पंचवीस लक्ष एका संस्थेकडे गेले. तिच्या नावाचा अर्थ ‘आणि मुलांच्या भल्याकरिता’ असा होतो. तिच्या जाहिरातींचा रोख कोळशावर नव्हता. आसनस्थ न्यायाधीश लहान मुलावर अत्याचार करणाऱ्या अपराध्याशी सौम्यपणे वागले, असा त्यांत आरोप होता. बेंजामिन निवडून आले. पुढे २००७ साली तीन विरुद्ध दोन मतांनी पाच कोटींचा निकाल रद्द झाला, आणि त्या तिघांत बेंजामिन हे एक होते. आपण बाजूला व्हावे ही विरुद्ध पक्षाची विनंती त्यांनी मान्य केली नव्हती. अखेर २००९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, अशा प्रसंगी न्यायाधीशाने बाजूला होणे हे राज्यघटनेनेच आवश्यक केले आहे.

त्या निकालात बेंजामिन हे अप्रामाणिक ठरले नाहीत, हे येथे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. त्यांच्या अंतःकरणात काय होते ह्याचा न्यायालयाने शोध केला नाही. अशा परिस्थितीत सामान्य मनुष्याचे मन एका बाजूस झुकण्याचा धोका किती मोठा, एवढेच पाहिले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ह्या खटल्यात पैसा देणाऱ्याचे नाव उघड होते, म्हणूनच दुखावलेल्या पक्षास हरकत घेता आली. तेच नाव तीन संस्थांच्या आड दडले असते तर? न्यायाधीशाने बाजूला व्हावे हा नियम पुस्तकात तसाच राहिला असता. पण तो लागू करा असे म्हणावयास कोणासही आधार मिळाला नसता. ह्यास्तव देणगीची गुप्तता ही न्यायाची वाट बंद करिते, आणि वाट होती हेही कोणास कळू देत नाही.

ह्यावर विचारी लोक दोन आक्षेप घेतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा की, गुप्तता हे दुर्बळांचे कवच आहे. १९५८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच अलाबामा राज्यास असे बजावले की, कृष्णवर्णीयांच्या हक्कांकरिता झटणाऱ्या संस्थेच्या सभासदांची यादी सरकारने सक्तीने मागू नये. कारण ती उघड झाली असती तर कोणाची नोकरी गेली असती, कोणास मार बसला असता. हे खरे आहे. शिवाय उघडेपणासही दोष आहेत. लहान जिल्ह्यात न्यायाधीशाच्या निवडणुकीस देणगी देणाऱ्यांत त्याच्याचपुढे उभे राहणारे वकील असतात. यादी छापली म्हणजे कोणी दिले हे जसे दिसते, तसे कोणी दिले नाही हेही दिसते. फ्लोरिडा राज्यात जिल्हा न्यायालयाच्या एका उमेदवार बाईंनी स्वतःच्या सहीने पत्र पाठवून देणगी मागितली, म्हणून त्यांस ठपका मिळाला. तो योग्यच होता असा निकाल २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण त्याच राज्यात उमेदवाराच्या समितीने मागण्यास मोकळीक आहे, व देणाऱ्यास उमेदवाराने आभाराचे पत्र लिहिण्यासही प्रत्यवाय नाही. मनुष्याचे नियम असे अर्ध्यावर थांबतात.

तरी आमचे उत्तर असे आहे. अलाबामातील सभासद सत्तेपासून स्वतःचा बचाव करीत होता. खाणीचा धनी स्वतःच सत्ता घडवीत होता. एकाचे नाव झाकल्याने कोणा पक्षकाराचा न्याय बुडत नव्हता. दुसऱ्याचे नाव झाकले तर समोरच्या पक्षकाराचा हक्कच बुडतो. कवच आणि बुरखा दोन्ही अंग झाकतात; परंतु एक घाव चुकविण्याकरिता असते, आणि दुसरा घाव घालणाऱ्याची ओळख लपवितो.

दुसरा आक्षेप असा की, देणाऱ्याचे नाव न्यायाधीशासही कळले नाही तर उपकाराचे ओझे राहीलच कोठे? दिसण्यात हे बिनतोड आहे. पण देणाऱ्यास जीभ आहे. आज न सांगितलेले तो उद्या एखाद्या मेजवानीत हळूच सांगू शकतो. जे गुपित देणारा वाटेल तेव्हा वाटेल त्याच्याजवळ उघडू शकतो, ते गुपित नव्हे; ती खिशात जपून ठेवलेली हुंडी होय. शेवटपर्यंत अंधारात राहतो तो एकटा सामान्य मनुष्य.

तर मग गुप्तदानाची खरी परीक्षा कोणती? आमच्या मते तीन प्रश्नांत ती होते. नाव कोणापासून झाकले आहे? घेणारा परतफेड करू शकतो काय? आणि न कळल्यामुळे कोणा तिसऱ्याचा हक्क बुडतो काय? विधवेच्या दारी रात्री धान्य ठेवणारा आपले नाव स्तुती करणाऱ्यांपासून झाकतो. ती बापडी त्याची परतफेड करू शकत नाही. आणि त्यात कोणाचेही नुकसान नाही. न्यायासनाकडे जाणारा गुप्त पैसा ह्या तिन्ही प्रश्नांत उलट पडतो. पहिल्यात गुप्तता आहे ती मोबदला नको म्हणून. दुसऱ्यात आहे ती मोबदला निर्वेध मिळावा म्हणून. मोशेच्या नियमशास्त्रात न्याय करणाऱ्यास भेट घेण्याची मनाई आहे, आणि ती केवळ दुष्टांस किंवा मूर्खांस उद्देशून नाही. शहाण्यासही ती तितकीच लागू आहे. शमुवेलाचे पुत्र न्यायाधीश असता लाच खाऊ लागले; पण स्वतः शमुवेलाने म्हातारपणी सर्व लोकांसमोर उभे राहून आपला हिशेब मागण्याचे त्यांस आव्हान केले. न्याय करणाऱ्याचे भूषण ते हेच.

केवळ कायद्याने अंतःकरण शुद्ध होते असे मात्र कोणी समजू नये. २०१२ साली वेस्ट व्हर्जिनियातच उमेदवारास सरकारी पैशाने निवडणूक लढवू देण्याचा प्रयोग झाला. त्या पैशावर निवडून आलेले न्यायाधीश २०१८ साली फसवणुकीच्या व इतर गुन्ह्यांत दोषी ठरले. स्वच्छ पैशाने आलेला मनुष्य स्वच्छच राहील अशी हमी नाही. पण म्हणून झाकलेला पैसा क्षम्य ठरत नाही. कुंपण चोरास साधू करीत नाही, तरी शहाणा शेतकरी ते घालतोच.

आपल्या देशात न्यायाधीशाची निवडणूक नसली तरी झाकलेल्या पैशाचा प्रश्न आपणांसही चुकलेला नाही. राजकीय पक्षांस नाव न कळू देता देणगी देण्याकरिता २०१८ पासून निवडणूक रोखे विकले जात होते. देणगीदारास त्रास होऊ नये हेच कारण तेव्हाही पुढे करण्यात आले होते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती योजना एकमताने रद्द केली, आणि पक्षास पैसा कोठून येतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला.

वाचकहो, न्यायासन केवळ कचेरीतच असते असे नाही. मंडळीत दोन घरांचा तंटा पंचांपुढे येतो, बांधाच्या वादात गाव एखाद्या वडीलधाऱ्यास मध्यस्थ नेमते. तेव्हा ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे हित लटकते तो प्रत्येक मनुष्य तेवढ्या वेळेपुरता न्यायाधीशच असतो. अशा वेळी कोणाचे आपणांवर ऋण असेल, तर ते दोन्ही पक्षांस आधी सांगावे, आणि त्यांच्या मनात किंतु राहिला तर पंचाची जागा दुसऱ्यास द्यावी. दान खुशाल झाकून करावे. परंतु न्याय करावयास बसताना आपले देणेघेणे उघडे ठेवून बसावे. हरलेला पक्ष घरी जाताना दुःखी असेल. पण आपण विकले गेलो असे त्यास वाटता कामा नये.