हुसकावलेला पाणकावळा कुठे जातो?

इंग्लंडमध्ये गळाने मासे धरण्यासाठी राखलेल्या तळ्यांवर हिवाळ्यात पाणकावळे उतरतात. एक पाणकावळा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास मासे गिळतो. थवा महिनाभर मुक्कामाला राहिला तर तळेवाल्याची वर्षानुवर्षांची मेहनत त्याच्या डोळ्यांदेखत संपते. तिथे हा पक्षी पूर्वी प्रामुख्याने किनाऱ्यावरचा. १९८१ मध्ये इसेक्समधल्या ॲबर्टन जलाशयाकाठी त्याने झाडांवर घरटी बांधली आणि मग तो देशाच्या आतल्या पाण्यांवर पसरत गेला. कायद्याचे संरक्षण असूनही त्याला मारण्याचे परवाने मिळतात. २००४ मध्ये या परवान्यांची मर्यादा वाढवून वर्षाला सुमारे २००० पक्ष्यांवर नेली गेली. परवान्यामागचा युक्तिवाद विचार करायला लावणारा आहे. थवा संपवणे हा त्याचा हेतू नाही. काही मेले की उरलेले घाबरतील आणि निघून जातील, एवढ्यासाठी ही परवानगी.

जातील, पण कुठे?

हा प्रश्न एरवी कोणी विचारत नाही. ‘मारत नाही, नुसते हुसकावतो,’ म्हणणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नाही. बर्ड फ्लूच्या साथीने ही सोय काढून घेतली. विषाणू पक्ष्याच्या विष्ठेतून आणि लाळेतून पसरतो, थंड पाण्यात बराच काळ टिकतो. बंदुकीच्या एका बारासरशी थवा उठतो तेव्हा त्यातले आजारी पक्षीही उठतात, आणि जिथे उतरतील त्या पाण्यात रोगही उतरू शकतो. ते पाणी दुसऱ्याचे असते. कदाचित त्याच्या काठावर कुणाची कोंबड्यांची शेड असते. स्कॉटलंडच्या बास रॉकवर २०२२ मध्ये मासेखाऊ नॉर्दर्न गॅनेट पक्ष्यांची जगातली सर्वांत मोठी वसाहत या साथीने पोखरली. तगलेल्यांपैकी काहींचे फिकट निळे डोळे काळे पडलेले आढळले.

महाभारताच्या वनपर्वात पाण्याकाठी मरून पडलेल्या चार भावांजवळ युधिष्ठिर येतो, तेव्हा त्याला अडवणारा यक्ष आधी बगळ्याच्या रूपात बोलतो. मासे आणि शेवाळ खाणारा बगळा, असाच तो स्वतःचा परिचय करून देतो. जगात श्रेष्ठ धर्म कोणता, या त्याच्या प्रश्नाला युधिष्ठिराचे उत्तर आहे आनृशंस्य, म्हणजे क्रूर न होणे. अहिंसेपेक्षा हा शब्द जमिनीजवळचा आहे. जगायचे तर थोडी हिंसा होणारच, हे मान्य करून तो उरलेल्या क्रूरतेचा हिशेब मागतो. त्याचा अर्थ पुढच्याच प्रसंगात उलगडतो. एकाच भावाला उठवता येईल म्हटल्यावर युधिष्ठिर भीमार्जुनांना सोडून नकुलाला निवडतो, कारण कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही असावा. माद्री तिथे नाही. ती केव्हाच गेलेली आहे. जो समोर नाही त्याचाही वाटा धरणे, हे त्या निवडीचे मर्म. पाणकावळा हुसकावणाऱ्यापुढेही नेमके हेच आव्हान आहे: न दिसणाऱ्या दुसऱ्या तळ्याचा विचार.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात कोंबड्या दगावल्या, आणि त्याच सुमारास ठाण्यात वंचक, म्हणजे तळ्याकाठी दबा धरून बसणारे भुरे बगळे, मेलेले सापडले. त्याच हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग जलाशयावर हजारो पट्टकादंब मेले. हे पक्षी गवत खाणारे, माशांशी त्यांचे वैर नाही. तरी जलाशयातली मासेमारी थांबली आणि नावा काठाला लागल्या.

इथे शिबी राजाची कथा आठवावी. कबुतराला वाचवताना त्याने ससाण्याची भूकही खरी मानली आणि मांस तोडून तराजूत घातले, पण स्वतःचे. बर्ड फ्लूच्या साथीत ‘पक्षी उठवू नका’ हा सल्ला योग्यच आहे. मात्र मांस तोडले जाते ते तळेवाल्याचे. त्याच्याकडून आनृशंस्याची अपेक्षा करणाऱ्या सरकारने आणि पक्षिप्रेमींनी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काही घातले नाही, तर ती अपेक्षाच क्रूर ठरते.

करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते बहुतेक पाण्याच्या आत आहे. तळ्यात जाळीचे पिंजरे किंवा फांद्यांचे भारे बुडवून ठेवले की मासे त्यात शिरतात आणि पाणकावळ्याला आत घुसता येत नाही. माशांची बोटुकली जरा मोठी करून सोडली तर कमी मारली जाते. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही, पशुसंवर्धन खात्याला कळवायचे. एका तळ्यातले बूट आणि जाळी निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्यात न्यायची नाहीत. लहान तळ्यावर वरून जाळे ताणता येते. पण ते नीट ताणलेले हवे आणि रोज पाहायला हवे. सैल जाळ्यात बगळ्याचा पाय अडकतो, आणि रात्रभर फडफडून सकाळी तो मेलेला सापडतो.