खेळगड्याचें स्वातंत्र्य

खेळ हा नीतिविचाराचा विषय होऊं शकतो असें म्हटलें तर आमच्यापैकीं पुष्कळ सुशिक्षितांस हंसूं येईल. जुगार वाईट, वेळेचा अपव्यय वाईट, एवढें सांगून झालें कीं खेळासंबंधींचें आमचें नीतिशास्त्र संपतें. आणि मुलगा परीक्षेच्या दिवसांत संगणकापुढें बसला म्हणजे तें पुन्हां सुरू होतें. परंतु येथें ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो वेळेचा नाहीं, प्रामाणिकपणाचा आहे. आणि तो वडील माणसांनीं नव्हे, तर खेळणाऱ्या मुलांनींच एकमेकांस विचारलेला आहे.

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरांत आज शास्त्राचें व अभियांत्रिकीचें शिक्षण आहे, आणि त्याबरोबर येणारे जुने संगणकही घरोघर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची नेहमींची डागडुजी थांबविली. तिच्या पुढची प्रणाली जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांवर रीतसर बसत नाहीं. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कंपनीच्या हिशेबीं तें मेलेलें. अशा वेळीं घरांत एखादा जाणता मुलगा असला तर तो त्या यंत्रावर लिनक्स बसवितो, आणि मेलेलें यंत्र उठून चालूं लागतें.

लिनक्स म्हणजे काय हें ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ग्नू' या नांवानें एक संकल्प जाहीर केला. संगणक चालविणारी अशी प्रणाली रचावयाची, कीं जी कोणासही कोणत्याही कामासाठीं वापरतां यावी, तिची मूळ संहिता वाचून हवी तशी बदलतां यावी, आणि मूळ किंवा बदललेली प्रत शेजाऱ्यास देतां यावी. अशा प्रणालीस लागणारा गाभा १९९१ सालीं फिनलंडांतील लायनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिहिला, आणि पुढच्याच वर्षीं तो ग्नूच्या परवान्याखालीं जगास देऊन टाकला. या परवान्याची खुबी अशी कीं, जो कोणी यांतून घेऊन पुढें वांटील त्यानें स्वतःस मिळालेलें स्वातंत्र्य पुढच्याच्याही पदरांत घातलें पाहिजे. मध्येंच कुंपण घालतां येत नाहीं.

संगमनेरकरांस ही कल्पना अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं. अनंत फंदी (१७४४–१८१९) हा याच गांवचा शाहीर. शाहिरी काव्य तेव्हां बाडांतून आणि गळ्यांतून पसरत असे. ज्यास आवडलें त्यानें तें उतरून घेतलें, ज्याच्या गळ्यास बसलें त्यानें तें म्हटलें, चालींत फेरफार केला, कडवें गाळलें, क्वचित् घातलेंही. मूळ कवीच्या दारीं परवानगी मागावयास कोणी गेलें नाहीं. राखावयाची ती शेवटच्या चरणांतली कवीची नाममुद्रा. काव्य सर्वांचें, नांव कर्त्याचें. ही तुलना सर्वांशीं लागू पडते असें आमचें म्हणणें नाहीं. शाहिराचें पोट आश्रयदात्यांच्या बिदागीवर चाले, आणि आश्रयदाता नाहींसा झाला कीं शाहिराचे हाल कुत्रा खात नसे. पोटाची ही गोष्ट पुढें पुन्हां येणार आहे.

आतां मूळ वादाकडे वळूं. आमच्या परिचयाचे दोन विद्यार्थी आहेत, दोघेही लिनक्सवाले. त्यांपैकीं एकजण मुक्त आज्ञावलीचा मोठा कैवारी. लेखन, हिशेब, चित्रकाम, सारें तो मुक्त साधनांनींच करतो आणि इतरांसही तसें करावयास लावतो. परंतु रात्रीं तो जे खेळ खेळतो ते मात्र विकत घेतलेले आणि बंदिस्त. त्यांची संहिता कोणास दिसत नाहीं. हें शक्य झालें तेंही मुक्त आज्ञावलीच्याच कृपेनें. विंडोजसाठीं लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालविणारें 'वाइन' नांवाचें साधन १९९३ पासून अनेकांच्या श्रमांनीं वाढत आलें आहे. २०१८ सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें त्याच्या आधारें 'प्रोटॉन' सिद्ध केलें, आणि तिच्या 'स्टीम' या दुकानांतले हजारों खेळ लिनक्सवर चालूं लागले. दुसरा विद्यार्थी त्यास म्हणाला, "अरे, सोंवळें नेसून तूं खानावळींत जेवतोस!" पहिल्यास या टोमण्याचें उत्तर देतां आलें नाहीं. टोमणा चांगला असला कीं उत्तर सुचत नाहींच. परंतु टोमणा चांगला असल्यानें तो खरा ठरत नाहीं.

स्टॉलमन यांनीं २०१२ सालीं, स्टीमचें दुकान लिनक्सवर येणार हें कळल्यावर, या प्रश्नावर आपलें मत दिलें. त्यांच्या मतें बंदिस्त खेळ हा इतर कोणत्याही बंदिस्त आज्ञावलीइतकाच अन्यायाचा. तो लिनक्सवर आला म्हणून शुद्ध होत नाहीं. ज्यास तो खेळावयाचाच आहे त्यानें विंडोजपेक्षां ग्नू-लिनक्सवर खेळावा, तेवढीच हानि कमी. मात्र खेळांतील चित्रें, संगीत, कथा यांस त्यांनीं वेगळें काढलें. तीं आज्ञावली नव्हेत, म्हणून तीं मुक्त असलींच पाहिजेत असें नाहीं. तत्त्वनिष्ठ माणसाचें हें उत्तर सरळ आहे. पण तें खेळ म्हणजे काय याचा विचार न करतां दिलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

हिशेबाच्या आज्ञावलीशीं माझा संबंध कामाचा असतो. ती माझ्या पैशाचें काय करते हें मला कळलें पाहिजे. खेळाची गोष्ट उलट आहे. खेळांत मनुष्य आपलें स्वातंत्र्य आपण होऊन बाजूस ठेवतो, आणि त्यांतच त्याची मौज असते. हुतूतूंत श्वास कोंडून घ्या असें निसर्ग सांगत नाहीं. खेळगडी तें आपल्यावर लादून घेतो. लपंडावांत डोळे झांकून घेणारा आंधळा नसतो. ज्यास सगळें दिसलेंच पाहिजे त्यानें लपंडाव खेळूं नये, आणि ज्यास कोड्याचें उत्तर आधींच हवें त्यानें कोडें घालून घेऊं नये. तेव्हां खेळाची संहिता खेळतांना झांकलेली आहे, एवढ्यावरून खेळगड्यावर अन्याय झाला असें म्हणतां येत नाहीं. त्यानें डोळे आपल्या हातांनीं झांकलेले आहेत.

पण ते हात त्याचेच असले पाहिजेत. डाव संपतांच डोळे उघडतां आले पाहिजेत, भोज्यास शिवून घरीं जातां आलें पाहिजे. उद्यां आळींतल्या मुलांस नियम बदलावासा वाटला तर तो बदलतां आला पाहिजे. आमचे देशी खेळ या बाबतींत किती उदार होते! आट्यापाट्या प्रत्येक गांवीं थोड्या निराळ्या, विटीदांडूचीं मापें प्रत्येक आळींत वेगळीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खोखोचे नियम बांधले; सामन्यांसाठीं तें अवश्यच होतें. परंतु त्यामुळें परसांतला खोखो कोणी बंद पाडला नाहीं. नियम करणारी संस्था होती, खेळाचा मालक कोणी नव्हता.

आतां मालक असला म्हणजे काय होतें तें पाहा. युबिसॉफ्ट कंपनीनें २०१४ सालीं 'द क्रू' नांवाचा मोटारशर्यतीचा खेळ विकावयास काढला. ३१ मार्च २०२४ रोजीं तिनें तो चालविणारीं दूरचीं यंत्रें बंद केलीं, आणि ज्यांनीं पैसे मोजून तो घेतला होता त्यांच्या घरीं तो खेळ, एकटा खेळणाऱ्यासाठींही, उघडेनासा झाला. सोंगट्यांचा पट एकदां विकल्यावर दुकानदार दहा वर्षांनीं येऊन तो उचलून नेत नाहीं. येथें नेमकें तें झालें. येथला दोष संहिता न दिसण्यांत नाहीं. खेळगड्यास वाटलें तें विकत घेणें होतें आणि निघालें तें भाडें, हा खरा दोष आहे. संहिता खुली असती तर कोणा चार हौशी माणसांनीं तीं यंत्रें आपल्या खर्चानें चालविलीं असतीं.

दुसरें उदाहरण अधिक अवघड आहे, कारण त्यांत कंपनीची बाजू अगदीं पोकळ नाहीं. 'एपेक्स लेजंड्स' हा अनेकांनीं मिळून खेळावयाचा लढाईचा खेळ; त्याच्या चालकांनीं ३१ ऑक्टोबर २०२४ रोजीं लिनक्सवाल्यांस दार बंद केलें. कारण असें दिलें कीं, लिनक्स इतकें मोकळें आहे कीं तेथें लबाडी करणारा सांपडणें कठीण जातें. लबाडी ही खेळांतली खरी कीड आहे. एका लबाडापायीं दहा प्रामाणिक गड्यांचा डाव नासतो, आणि तो नासूं नये ही इच्छा चांगलीच आहे. परंतु त्यावर जो उपाय रूढ होत चालला आहे तो पाहण्यासारखा आहे. कांहीं खेळांबरोबर एक पहारेकरी येतो. तो यंत्राच्या गाभ्याशीं, जेथें यंत्राच्या धन्याचीही सहसा ये-जा नसते, तेथें जाऊन बसतो. कांहीं खेळांत तर यंत्र सुरू होतांच, खेळ उघडण्यापूर्वीं, तो जागा होतो. पंचास मैदानावर पूर्ण अधिकार असावा हें आम्हांस मान्य आहे. पण पंच मैदान सोडून आमच्या माजघरांत बिछाना टाकूं लागला तर त्याची शिटी हिसकावून घेणें हेंच योग्य. जेथें खेळगडी आपल्या यंत्राचा धनी आहे तेथें त्याच्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं, असें म्हणणाऱ्या खेळानें विश्वास या शब्दाचा अर्थच फिरविला आहे.

या दोन उदाहरणांवरून आमच्या विद्यार्थ्याचा निवाडा करतां येईल. जो खेळ घरांत येतो, खेळवितो आणि सांगतांच निघून जातो, तो बंदिस्त असला तरी पाहुणा आहे. पाहुण्याच्या पडशींत काय आहे हें विचारण्याचें कारण नाहीं. घर लिनक्सचें, म्हणजे खेळणाराचें, आहे तोंवर सोंवळें बिघडलें नाहीं. जो खेळ किल्ली मागतो, किंवा विकत देऊन परत हिरावण्याची सोय आपल्या हातीं ठेवतो, त्यास उंबऱ्यावरूनच निरोप द्यावा. मित्राच्या टोमण्यांत ही सीमारेषा नव्हती. स्टॉलमन यांच्या उत्तरांतही ती नाहीं, कारण त्यांनीं सगळेच पाहुणे चोर ठरविले आहेत.

यावर कोणी म्हणेल कीं, सर्वच खेळ मुक्त असते तर हा प्रश्नच उरला नसता. तेथें शाहिराचें पोट आड येतें. शेंकडों माणसांनीं वर्षानुवर्षें खपून केलेला खेळ फुकट द्या असें सांगणारानें त्यांच्या चुलीचाही विचार केला पाहिजे. मध्यम मार्ग सांपडलेला नाहीं असें नाहीं. 'डूम' हा गाजलेला खेळ १९९३ सालीं विक्रीस आला, त्यानें भरपूर पैसा मिळविला, आणि १९९७ च्या डिसेंबरांत कर्त्यांनीं त्याची संहिता खुली केली. चित्रें मात्र स्वतःची म्हणून राखलीं. आज कित्येक निरनिराळ्या यंत्रांवर तो चालतो तो या औदार्यामुळें. चार वर्षें कमाई केली आणि मग कुलूप काढलें. असें करणारे मालक थोडे, हें दुःख आहे.

खेळाकडे तुच्छतेनें पाहणाऱ्या वडील वाचकांसाठीं येथें एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन यांनीं सूर्यमालेंत यान हांकण्याचा 'स्पेस ट्रॅव्हल' नांवाचा खेळ रचला. तेथल्या मोठ्या संगणकावर एक डाव खेळावयाचा तर यंत्राच्या वेळेचा आकार पाऊणशें डॉलरच्या घरांत जाई. म्हणून त्यांनीं एक अडगळींतला लहान संगणक शोधून काढला, आणि डेनिस रिची यांच्या साहाय्यानें तो खेळ त्यावर चढविला. त्या यंत्राची जी ओळख झाली तींतूनच पुढें त्यावर युनिक्स ही प्रणाली उभी राहिली, आणि युनिक्सच्याच नमुन्यावर पुढें लिनक्स बेतलें गेलें. खेळ हेंच एकमेव कारण होतें असें कोणी म्हणत नाहीं. पण टाकाऊ यंत्र आणि खेळाची हौस यांची सांगड संगमनेरांतल्या मुलांनीं प्रथम घातलेली नाहीं, एवढें त्यांच्या पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

विकतचा खेळ खेळणाऱ्यापेक्षां आम्हांस दुसऱ्याच एका माणसाचें वर्तन खटकतें. त्यानें लिनक्स घेतलें तें फुकट मिळालें म्हणून. त्याचीं साधनें वापरलीं, खेळ खेळला, आणि हें कोणीं केलें याची चौकशीही केली नाहीं. पैसे न देणें हा त्याचा गुन्हा नव्हे. परवाना त्यास तशी मोकळीक देतोच. पण प्रवरेच्या खोऱ्यांतल्या माणसास सहकार समजावून सांगावा लागूं नये. भाग भांडवल न भरतां सभासद होतां येतें अशी ही संस्था आहे, आणि म्हणूनच तिच्यांत श्रमाचा वांटा उचलणें अधिक अगत्याचें आहे. प्रत्येकास संहिता लिहितां येणार नाहीं. दोष आढळला तर तो नीट लिहून कळवितां येतो, नवशिक्यास शिकवितां येतें, आणि मराठी येत असेल तर भाषांतर करतां येतें. बंदिस्त खेळांत मराठी घालावयाची तर मालकाच्या मर्जीची वाट पाहावी लागते. मुक्त खेळांत, उदाहरणार्थ २००३ सालीं निघालेल्या 'बॅटल फॉर वेस्नॉथ' या युद्धखेळांत, पडद्यावरचीं वाक्यें संहितेपासून वेगळ्या यादींत ठेवलेलीं असतात. ज्याच्यापाशीं शब्द आहेत त्यानें ते तेथें भरावे.

वर सांगितलेले दोघे विद्यार्थी सध्यां अशाच एका लहानशा खेळाची यादी घेऊन बसले आहेत, आणि सोंवळ्याचा वाद मागें पडून नवा वाद उपस्थित झाला आहे. एक मजल संपवून दुसऱ्या मजलेंत जावयाचें, त्या मजलेस इंग्रजींत लेव्हल म्हणतात. खेळांत तिला काय म्हणावें? पहिला म्हणतो, 'पाटी' म्हणावें. आट्यापाट्यांत एकामागून एक पाट्या ओलांडीत जातात, त्याहून नेमका शब्द मिळणार नाहीं. दुसरा म्हणतो, आजच्या मुलांनीं आट्यापाट्या पाहिल्या आहेत कोठें? त्यांस दुकानाची पाटी आठवेल. यादी अर्धी झाली आहे. त्या शब्दापुढची जागा त्यांनीं अजून मोकळी ठेवली आहे.