तजवीज आणि दैव

उद्याच्या कामाची तजवीज आज करून ठेवणे हा विवेक होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही; परंतु प्रवासाला निघण्यापूर्वीच परतीच्या वाटेवरील फराळाची वेळसुद्धा मुक्रर केल्यावाचून ज्या गृहस्थास झोप लागत नाही, तो विवेकाने नव्हे, तर भयाने प्रेरित झालेला असतो, आणि त्याच्या टिपणवहीतील सारा बंदोबस्त कामाचा नसून मनाचा असतो.

मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२५ साली लिहिलेल्या एका निबंधातून या मनोव्यापारावर चांगला प्रकाश पडतो. ट्रोब्रियंड बेटांवरील कोळी प्रवाळभिंतीच्या आतील संथ पाण्यात खात्रीची मासेमारी करीत, तेव्हा मंत्रतंत्राच्या वाटेस जात नसत. भर समुद्रात, जेथे जिवाला धोका आणि लाभ अनिश्चित, तेथे जाताना मात्र ते सांगोपांग विधी आचरीत. ज्ञानाची हद्द संपते तेथे विधीचा अंमल सुरू होतो, असे म्हटल्यास आपला जुना मुहूर्त आणि आजचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक यांचे कूळ एकच ठरते.

मग ईश्वरावर भार टाकून स्वस्थ बसावे काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. येथे दैव हे हिशेबाबाहेरून कोसळणारे अरिष्ट नसून हिशेबातलेच एक कलम आहे, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याचा दोष गीतेने बुद्धीच्या पदरी घातला आहे. सर्व काही योजू पाहणारा मनुष्य अश्रद्ध असतोच असे नाही; त्याची गणना मात्र चुकलेली असते, आणि चार कारणे सोडून पाचव्यावरच विसंबणाऱ्या आळशाचीही तितकीच चुकलेली असते.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, तेव्हा ग्रंथाची आखणी त्यांच्या हाती होती, प्रकाशन नव्हते. ते १९१५ साली झाले. पण म्हणून आखणी ढिली राहिली नाही.

योजना मोडताच जो उरलेल्या कामाकडे वळतो, त्याने ती कामासाठी केलेली असते; जो योजनेचीच फेरमांडणी करीत बसतो, त्याला हवे असते ते केवळ आश्वासन, आणि त्यासाठी प्रार्थना हा अधिक प्रामाणिक मार्ग होय, कारण प्रार्थना करणाऱ्यास आपण याचक आहोत याची निदान जाणीव असते.